उमरीकरांची सही

उमरीकरांनी कुणाला 'तुझं चुकलं' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. गंमत अशी, की दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हीच त्यांची नोकरी होती. चूक सापडली की ते खुर्ची मागे सरकवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि ज्याचा तो प्रोग्राम असेल त्याला अगदी अजिजीने हाक मारायचे. "मियां, ये मेरेसे नहीं होरा. जरा तुम करके बताओ ना." बोलावलेला प्रोग्रामर 'म्हाताऱ्याला काय येतंय' अशा चेहऱ्याने यायचा, झपाझप चार कळा दाबायचा आणि पाचव्या कळेला स्क्रीन गोठायची. मग दोघं त्या गोठलेल्या स्क्रीनकडे बघत बसायचे. "तुमसे बी नहीं होरा?" उमरीकर हळहळून विचारायचे आणि वहीत एक ओळ लिहायचे. इतक्या सौजन्याने नाक कापलेलं मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही. त्या वहीत 'दोष' हा शब्दसुद्धा नसे. प्रत्येक नोंद 'मला जमलं नाही' अशी सुरू व्हायची आणि पुढे, काय करताना जमलं नाही, ते स्वच्छ मराठीत लिहिलेलं असायचं.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. देश खुला झाला असं सगळे म्हणत होते. माझ्यापुरता तो हैदराबादच्या नारायणगुड्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर खुला झाला होता. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी पंधरा-सोळा माणसांची कंपनी होती आणि पुण्याहून आलेली मी तिथे टेस्टिंगला लागले होते. टेस्टिंग म्हणजे काय हे घरी समजावून सांगणं अवघड होतं. आई शेजारणींना 'ती कॉम्प्युटर तपासते' असं सांगायची आणि शेजारणी आपल्या बंद पडलेल्या मिक्सरबद्दल विचारायच्या. ऑफिसात एसी होता, त्यामुळे चपला दाराबाहेर काढाव्या लागत. पहिल्या दिवशी मी त्या ढिगाशी वाकलेली असताना मागून आवाज आला, "पुण्याची का माय तू? त्या कडेला ठेव. इथं मधे ठेवल्यास तर संध्याकाळी एकच मिळते." परक्या गावात इतकं घरचं मराठी ऐकून मला भरूनच आलं. ते उमरीकर. मी त्यांना लगेच काका म्हणू लागले, आणि त्यांनी मला माय म्हणायला तर आधीच सुरुवात केली होती.

त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात नांदेडकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले. उमरीकर स्वतः कुकटपल्लीच्या पुढे विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं तपासनीस होते. ज्या खुलेपणाने मला नोकरी दिली, त्यानेच त्यांचा कारखाना बंद पाडला. पन्नाशीला आलेला माणूस घरी बसला. आमचे मालक रेड्डी सार तेव्हा हैराण झालेले, कारण गिऱ्हाइकाकडे गेलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर तक्रारींसकट परत येत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, की अमुक एका माणसाने वीस वर्षं रोज लोकांना 'नाही' म्हटलंय आणि तरी त्याच्याशी कुणाचं भांडण नाही. रेड्डी सारांनी त्यांना बोलावून घेतलं आणि एक नियम केला: तपासणीच्या कागदावर उमरीकरांची सही असल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. नियम त्यांनीच केला आणि दर महिन्याला पस्तावायचेही तेच. कारण उमरीकर सही करण्यापूर्वी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचायचे. तो त्यांनी स्वतःच लिहिलेला असला तरीही.

त्यांना प्रोग्रामिंग अजिबात येत नव्हतं. आमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्यांना ते लंगडेपण वाटायचं. सकाळी कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी ते मला विचारायचे, "बोल माय, आज मी कोण?" कधी ते अपघात विभागातले कारकून असत, मग एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने टंकायचे, आणि फोनवर खरंच कुणीतरी असल्यासारखे ओरडायचे. कधी पहिल्यांदाच कीबोर्ड बघणारी नर्स असत. मग एकेक कळ शोधत बसायचे आणि मधेच उठून पाणी पिऊन यायचे. कधी अत्यंत उतावळे डॉक्टर. मग प्रत्येक बटण दोनदा. एकदा त्यांनी भलं जाड रजिस्टर कीबोर्डवर धाडकन टाकलं. रेड्डी सार केबिनमधून धावत आले. "सार, काउंटरवर जागा नसते. रजिस्टर तिथंच ठेवतात," उमरीकर शांतपणे हिंदीत म्हणाले. रजिस्टर उचललं तेव्हा स्क्रीनवर एक रोगी दगावला होता. म्हणजे यादीतून पुसला गेला होता.

हे सगळं त्यांना कळायचं कारण ते जाऊन बघायचे. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक प्रसूती रुग्णालय. तिथल्या नोंदणीच्या खिडकीशेजारी बाकावर ते डबा घेऊन तीन दिवस बसून राहिले. आमच्याकडे तोवर प्रत्येक प्रोग्रामर एकाच रोग्यावर काम चालवत होता. त्याचं नाव टेस्ट, आडनाव टेस्ट, वय पंचवीस, आजार काही नाही. उमरीकर रुग्णालयातून परतले ते अफझलगंजच्या बाजारातून एक लांब वही घेऊनच. त्यात त्यांनी गाव वसवायला सुरुवात केली. शंभरावर माणसं होती त्यात, सगळी मनातली, पण हैदराबादेत कुठल्याही बसमध्ये भेटतील अशी. महबूब बी, जिला आडनाव नाही. वेंकट रमण शर्मा, ज्यांची चार आद्याक्षरं नावाच्या आधी लागतात. साठ वर्षांच्या एक मराठी बाई, ज्यांना आपलं वय विचारलं की त्या सुनेकडे बघतात. प्रत्येकाचं घर, नातं, दुखणं, सगळं वहीत.

त्या गावात यादम्मा नावाची एक बाळंतीण होती. तिला जुळे झाले. आता नवजात बाळाला नाव कुठलं? रुग्णालयात 'यादम्माचं बाळ' अशीच नोंद करतात. आमच्यातल्या श्रीनिवास नावाच्या प्रोग्रामरने मोठ्या हुशारीने आईचा नंबर आणि जन्मतारीख यांवरून बाळ ओळखायची सोय केली होती. उमरीकरांनी पहिलं बाळ नोंदवलं, दुसरं नोंदवलं, आणि पहिलं नाहीसं झालं. पहिल्याचा काविळीचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसला. उमरीकरांनी श्रीनिवासला बोलावलं. "मियां, मेरेसे दो बच्चे नहीं होरे." सगळं ऑफिस खो-खो हसलं. श्रीनिवास हसता हसता थांबला, कारण काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायचं की नाही हे त्या रिपोर्टवर ठरत असतं, हे त्यालाही माहीत होतं. ती चूक दुरुस्त झाली. तेव्हापासून श्रीनिवास रोज सकाळी आल्या आल्या विचारायचा, "सार, यादम्मा कैसी है?" आणि उमरीकर वही उघडून सांगायचे, "अच्छी है. बच्चे बी दोनों अच्छे हैं."

एका रविवारी त्यांनी मला कुकटपल्लीला घरी जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ आणि वांग्याची भाजी. शांताकाकू हसऱ्या आणि फटकळ. "ह्यांच्यासंगं भांडायचं म्हणलं तर भांडता येत नाही बघ," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी झालं तर काय म्हणतात माहीत आहे का? 'आज माझ्या जिभेला लागत नाही.' म्हणजे मीच चव बघून मीच मीठ घालायचं!" उमरीकर खाली मान घालून दाळ भुरकत होते. जेवण झाल्यावर मी ताटं उचलून आत नेली तेव्हा काकूंनी नळ सोडला आणि हळू आवाजात विचारलं, "ते नवं यंत्र यायलंय म्हणे तुमच्याकडं. ह्यांचं काम राहतं ना गं? आमची सुमन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागचा कारखाना गेला तेव्हा चार महिने हे माणूस बोलत नव्हतं." मी म्हणाले, "छे हो काकू, यंत्र कुठं त्यांची जागा घेतंय!" मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं.

यंत्र म्हणजे खरं तर यंत्र नव्हतं. अमेरिकेहून एका खोक्यातून आलेलं सॉफ्टवेअर होतं, सोबत विटांसारखी जाड पुस्तकं. माणसाने एकदा करून दाखवलेलं काम ते लक्षात ठेवायचं आणि नंतर पाहिजे तेव्हा स्वतः करायचं. मला आठवडाभर बंगळूरला पाठवून ते शिकवलं गेलं. परत आल्यावर रेड्डी सारांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की रुग्णालयाची नवी आवृत्ती या यंत्राने तपासायची. ते जमलं तर पुढे हाताने तपासणारा माणूस ठेवायचं कारण नाही. हाताने तपासणारा माणूस एकच होता आणि तो पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होता.

मी उमरीकरांच्या वहीतलं अख्खं गाव यंत्रात चढवलं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा उमरीकर माझ्या मागे येऊन उभे राहिले. माउसचा बाण आपोआप हलत होता, नावं आपोआप उमटत होती, महबूब बी आली, शर्मा आले, यादम्मा बाळंत झाली. उमरीकर लहान मुलासारखे बघत होते. "हे थकत नाही ना?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग लई चांगलं. मी दुपारनंतर थकतो. चाराच्या पुढं माझ्याकडून काय सुटत असेल ते मलाच मालूम नाही." शेवटी पडद्यावर यादी आली. वरपासून खालपर्यंत हिरवी. सगळं पास. रेड्डी सारांनी त्या दिवशी मिठाई मागवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला खाली गेले असताना उमरीकर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले. "माय, आमच्या कारखान्यात एक पद्धत होती," ते म्हणाले. मीटरच्या चकतीची आस गेजमध्ये, म्हणजे मापाच्या भोकात, घालून मोजायचे. बरोबर असली तर आत जाईल, नसली तर अडेल. पण गेजसुद्धा झिजतं. म्हणून त्यांच्या खात्यात लाल रंगाच्या डबीत एक मुद्दाम बिघडवलेली आस ठेवलेली असे. तिला खोटा नग म्हणायचे. रोज सकाळी चांगला माल मोजण्याआधी खोटा नग गेजमध्ये घालायचा. गेजने तो अडवला तर दिवसाचं काम सुरू. आत जाऊ दिला तर गेज कपाटात. "तुझ्या यंत्राला आपण अजून खोटा नग दाखवलाच नाही."

श्रीनिवासला त्यांनी आधीच पटवून ठेवलं होतं. सॉफ्टवेअरची एक वेगळी प्रत काढून त्याने तीत जुळ्यांची ती जुनी चूक परत घालून दिली. मी यंत्र चालू केलं. मला खात्री होती, यादम्माची ओळ लाल होणार. यादी आली. वरपासून खालपर्यंत हिरवी.

कुठे चुकलं ते मला लगेच दिसलं. यंत्रासाठी मी लिहिलेली कृती, म्हणजे स्क्रिप्ट, नोंद करायची, 'नोंद झाली' अशी सूचना दिसली की खूश व्हायची, रिपोर्टचा पडदा उघडला की खूश व्हायची. रिपोर्टवर काय लिहिलंय, कोणाचं लिहिलंय, बाळं दोन आहेत की एक, हे वाचायला मी तिला सांगितलंच नव्हतं. तिला नाही म्हणता येतच नव्हतं. नवी आवृत्ती शुक्रवारी रुग्णालयात जायची होती आणि मी तिच्यात काहीच तपासलेलं नव्हतं. मी रडायच्या बेतात आले. उमरीकर म्हणाले, "आता मालूम पडलं ते चांगलं झालं का नाही? बाळ घरी गेल्यावर मालूम पडलं असतं तर? बस. पाणी पी."

संध्याकाळी मीटिंग झाली. रेड्डी सारांनी तपासणीचा कागद उमरीकरांपुढे सरकवला. उमरीकरांनी तो वाचला आणि सही न करता परत सरकवला. "सार, मेरेसे अबी नहीं हुआ. चार दिन देओ."

"उमरीकर जी, मशीन पास बोल रा. सबकू दिख रा. आप कायकू रोक रे?"

"मेरेसे नहीं हुआ सार."

रेड्डी सारांचा आवाज चढला. "आपसे नहीं होता बोलकेच तो मशीन लाए!"

दोघं-तिघं हसले. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं: 'सार, स्क्रिप्ट माझी चुकली आहे.' पण मी नोकरीत नवी होते, बंगळूरला आठवडा काढून आले होते, आणि आदल्या दिवशीच माझ्या नावाने मिठाई वाटली गेली होती. मी गप्प बसले. हे लिहितानाही कान तापतात. उमरीकरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. श्रीनिवास काही बोलणार होता, त्याच्या गुडघ्यावर त्यांनी टेबलाखालून हात ठेवला. शुक्रवार टळला. रुग्णालयाचा फोन आला, रेड्डी सारांना चार शब्द ऐकून घ्यावे लागले, आणि ऑफिसात सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं, की म्हातारा खुर्ची धरून बसलाय, यंत्राला घाबरलाय. हे त्यांच्या कानावर येत नव्हतं असं नाही. खोली केवढीशी होती ती.

ते चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. उमरीकर वही मांडीवर घेऊन एकेका माणसाचं सांगत होते आणि मी लिहीत होते. प्रश्न एकच: या माणसाचं यात काय बिघडू शकतं? "महबूब बीला आडनाव नाही. तर तिच्या कागदावर ती जागा खाली पाहिजे. तिथं कसलीपण अक्षरं उमटली तर लाल. शर्मांचं नाव लंबं आहे, शेवटची दोन अक्षरं कापली जातात का बघ. त्यांना चालेल, पण औषधाच्या दुकानात नाही चालणार." ज्या कोणाबद्दल यंत्राला बघायला शिकवलं, त्या प्रत्येकासाठी एक खोटा नग बनवायचा आणि यंत्र तो अडवतं का ते पाहायचं. खोटे नग बनवायचं काम श्रीनिवासकडे. तो इतका रंगला होता की विचारू नका. "सार, पहली बार गलती करने का हुकम मिला मेरेकू!" हळूहळू यादीत लाल दिसायला लागलं. लाल बघून इतका आनंद होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी मला एक कल्पना सुचली. बाळाचं नाव ठेवलं की 'यादम्माचं बाळ' ही नोंद बदलून खरं नाव घालायचं असतं, आणि जुने रिपोर्ट त्या नव्या नावाकडे जायला हवेत. उमरीकरांनी हे दहा-बारा बाळांवर तपासलं होतं. मी म्हटलं, आपल्याकडे यंत्र आहे, तर वर्षातल्या प्रत्येक दिवशी एक बाळ जन्माला घालू आणि एकवीस दिवसांनी त्याचं नाव ठेवू. उमरीकरांनी वही मिटली. "तीनशे पासष्ट बाळंतपणं? घाल, घाल!"

दुपारी यादी आली. अकरा डिसेंबरपासून पुढची सगळी बाळं लाल. वर्षअखेरीस जन्मलेल्या आणि नव्या वर्षात नाव ठेवलेल्या बाळांचे रिपोर्ट हरवत होते. हा खोटा नग नव्हता. आमच्या चालू सॉफ्टवेअरमधली ही खरीखुरी चूक होती आणि ती कुणालाच सापडली नव्हती. श्रीनिवास कपाळाला हात लावून बसला. उमरीकर मात्र उठून उभे राहिले होते. "हे मला नव्हतं सापडलं!" ते म्हणाले. इतक्या मोठ्यांदा बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ज्याला त्याला बोलावून ते दाखवू लागले, "देखो, ये मेरेकू नहीं मिला था. डिसेंबर का एक बच्चाच नहीं था मेरी किताब में!" आपलं न्यून सगळ्या ऑफिसला दाखवत हिंडणारा आणि त्यात असा फुललेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. केबिनच्या काचेतून रेड्डी सारही बघत होते.

चूक दुरुस्त झाली. सोमवारी सकाळी उमरीकरांनी सही केली आणि आवृत्ती रुग्णालयात गेली. त्या वेळी रेड्डी सारांनी नवा छापील कागद काढला होता, त्यात तपासणाऱ्याने काही प्रश्नांची उत्तरं लिहायची होती. संध्याकाळी तो कागद फाईलला लावण्यासाठी माझ्याकडे आला. मी सहज वाचला. शेवटचा प्रश्न होता, की या सॉफ्टवेअरच्या तपासणीसाठी यापुढे स्वतंत्र माणसाची गरज आहे का. खाली उमरीकरांनी लिहिलं होतं: 'नाही. वैजयंतीने बसवलेले यंत्र हे काम माझ्यापेक्षा नीट करते. नवीन काही बनवल्यास कुणालातरी रुग्णालयात जाऊन बसावे लागेल. ते वैजयंती करू शकेल.' त्याखाली सही, पूर्ण, सावकाश केलेली. आणि सगळ्यात खाली रेड्डी सारांनी लाल शाईत महिनाअखेरची तारीख घातली होती: उमरीकरांचा कामाचा शेवटचा दिवस.

मी कागद हातात घेऊन तशीच जिना उतरले. चप्पलसुद्धा घातली नव्हती. उमरीकर चौकापलीकडे कुकटपल्लीच्या बसची वाट बघत उभे होते, डब्याची पिशवी खांद्याला.

"काका, हे काय लिहिलंत?"

"अक्षर लागंना का?"

"थट्टा करू नका. 'आहे' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं तुम्हाला."

"हौ. कुणीच विचारलं नसतं." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण प्रश्न कामाचा होता, माय. माझा नव्हता."

"काकूंना काय सांगाल?"

"हेच सांगीन. ती आधी चिडंल. मग जेवायला वाढंल." ते थोडं हसले, पण हसू टिकलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "बघू. सुमनचं वर्ष तेवढं निघालं पाहिजे."

मला राहवलं नाही. "मी आत्ता जाऊन रेड्डी सारांना सांगते. ते चार दिवस माझ्यामुळे लागले. स्क्रिप्ट माझी होती. त्यांना वाटतं तुम्ही अडून बसलात. ते कळलं तर कदाचित तुम्हाला ठेवतील."

उमरीकरांनी नको म्हटलं नाही. सांग असंही म्हटलं नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "ते तुझं तू बघ," ते म्हणाले. "पण सांगायचं असलं तर जल्दी सांग. न सांगायची सवय लवकर होते."

बस आली. नेहमीसारखी भरलेली. त्यांनी आधी एका म्हाताऱ्या बाईंना चढू दिलं, मग एका बाळवाल्या बाईला, मग दांडा धरून स्वतः पायरीवर उभे राहिले. बस वळेपर्यंत त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता.

मी रस्ता ओलांडून, जिना चढून वर आले. रेड्डी सार केबिनमध्ये एकटेच होते. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले. वाक्य तयार होतं, जिन्यावर तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"क्या है वैजयंती?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"कुछ नहीं सार," मी म्हणाले. "वो कागज फाइल में लगा दिया, बोलने आई थी."